निरवांगीच्या माळावरची ओ

इंदापूर
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय विजयसिंह,

सहा वर्षं मी तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. तुझी आई गेल्याचं मला त्याच आठवड्यात कळलं होतं. कार्ड आणलं होतं, त्यावर तुझा पत्ताही लिहिला होता. पुढे काय लिहावं ते सुचेना आणि मग इतका उशीर झाला, की उशिराबद्दलच लिहावं लागलं असतं. ते राहून गेलं.

ईमेल करत नाही, कारण तुझ्या कार्यालयातला ईमेल तुझ्याआधी दोघं-तिघं वाचतात हे मला माहीत आहे. लांडग्यांच्या गणनेचा माझा अहवाल रीतसर गेलाच आहे. हे पत्र समितीच्या अध्यक्षांना नाही, तुला आहे.

निरवांगीच्या वरच्या माळावरून ओ आली.

दिल्लीत इतकी वर्षं बसून तू विसरला असशील, म्हणून चिडवायला सांगते. उन्हं उतरली की उंचवट्यावर उभं राहायचं, तोंडाशी हात धरून लांडग्यासारखी हाळी द्यायची, गप्प राहायचं, आणि उत्तर आलं तर होकायंत्रावर दिशा नोंदवायची. दोन टोकांना दोघं असले की दोघांच्या रेघा नकाशावर जिथं एकमेकींना छेदतात, तिथं लांडगा. मी एकटी आहे, त्यामुळे माझ्याकडे एकच रेघ आहे. पण रेघ आहे! गेल्या पंधरवड्यात ती तीन वेगवेगळ्या संध्याकाळी मिळाली.

पहिल्यांदा ऐकलं ती संध्याकाळ सांगते. माझा आवाज हल्ली वरच्या पट्टीत फाटतो. पंचेचाळिशीतली बाई माळावर उभी राहून केकाटते आहे असंच कुणालाही वाटेल. त्यात प्रचाराच्या गाड्या, कारखान्याचा भोंगा, उसाच्या ट्रॉल्यांवरची गाणी. या सगळ्यातून एक लांब, खाली उतरत जाणारा सूर आला. मी पेन शोधत राहिले. ते माझ्या हातातच होतं.

सहा वर्षांपूर्वी तू तुझ्या अहवालात लिहिलं होतंस, "इंदापूर तालुक्याच्या या भागात लांडग्याचे वास्तव्य उरलेले नाही." मी त्यावर सही केली नाही आणि तू माझं नाव काढून अहवाल पाठवलास. त्या वाक्यावरच आपलं बोलणं थांबलं. आता भांडण उकरून काढायचं नाही. पण त्या वाक्यामुळे काय झालं ते तुला तिथून दिसत नसेल, म्हणून लिहिते. शेजारच्या माळावर गेल्या वर्षी जेसीबीनं चर खणले आणि झाडं लावली. त्यातली निम्मी वाळली, उरलेली जगली तेही वाईटच झालं, कारण गवतात राहणारं तिथं काही उरलं नाही. निरवांगीचा माळ आता झाडं लावायच्या नव्या आराखड्यात आहे. वनखात्याचे इथले साहेब भले आहेत. ते मला म्हणाले, "मॅडम, चिंकारा सगळीकडे आहे, खोकड सगळीकडे आहे. लांडगा असला तर हा माळ गवताचा म्हणून राखता येईल. नसला तर कागदावर तो पडीकच आहे. आणि पडीकावर झाडं लावायला नको म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय."

म्हणून ही ओ. आराखड्यावर शेवटचं मत तुझ्या समितीचं आहे. मी शिफारस मागत नाही. फक्त ऐकलं ते कळवते.

भाऊबीजेला जमलं नाही, म्हणून परवा वडगावला गेले होते. दादा म्हणाला, "अजून कुत्र्यांचंच चाललंय का?" वहिनी त्याला म्हणाली, "कुत्री नव्हं ओ, लांडगं. कुत्र्याला कोण पगार देतंय." मी हसले. सांगावंसं वाटत होतं, पण गोठ्यात दूध काढायची वेळ झाली होती आणि दादा उठून गेला.

वैजयंती


इंदापूर
३ डिसेंबर २०२४

प्रिय विजयसिंह,

तुझं पत्र मिळालं. हातानं लिहिलेलं! अक्षर आता डॉक्टरासारखं झालंय, पण "मी चुकलो होतो" एवढे तीन शब्द स्वच्छ वाचता आले. आणि पुढे, "एकोणीस तारखेच्या बैठकीत माझं ते वाक्य मी स्वतः मागे घेणार आहे. सर्वांसमोर."

हे पत्र किती वेळा वाचलं ते सांगणार नाही. बारामतीला कॉलेजात आठवड्यातले दोन दिवस पर्यावरण शिकवते, तिथंही पर्समध्ये घेऊन गेले. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, लांडगा परीक्षेला येणार आहे का?" मी म्हटलं, "आलाय." सगळा वर्ग हसला, आणि मी काय बोलून गेले ते मला नंतर कळलं.

पण तू इतक्या मोकळेपणानं लिहिलंस, तर मलाही काही लिहायला हवं. अहवालात ते आहेच. तळटीपेत आहे.

ओ नेहमी एकाच आवाजाची आहे. कळपाची नाही, जोडीचीही नाही. ती माझ्या हाळीनंतरच येते, आपणहून कधी नाही. मी दोन संध्याकाळी मुद्दाम हाळी न देता बसून राहिले, तेव्हा माळ गप्प होता. आणि रेघ नकाशावर ओढली तर ती माळाच्या आत जाण्याआधी वस्तीच्या कडेवरून जाते. रेकॉर्डिंग केलं आहे, पण त्यात वाऱ्याचा घोंगाट इतका, की त्यावरून काही सिद्ध होत नाही. हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. मी हो म्हटलं.

एकटा नर फिरत येऊ शकतो. कळपातून बाहेर पडलेला, जोडीदार शोधणारा. असे नर दुरून येतात, आणि हाळीला उत्तर देतात ते अशाच वेळी. हे मी अहवालात लिहिलंय आणि ते चूक नाही. तरीही एखादी बाब आपण कुठं छापतो, मुख्य मजकुरात की पानाच्या तळाशी, यावरून आपल्याला काय हवंय ते कळतं. मी विद्यार्थ्यांना हेच शिकवते.

दुसरा पुरावा हवा. निरवांगीच्या वस्तीवर जाऊन विचारते, कुणाचं करडू-कोकरू गेलंय का. खरं तर मी हे अहवाल पाठवायच्या आधी विचारायला हवं होतं. घाई का केली ते तुला सांगायची गरज नाही.

तू स्वेटर घालतोस की अजून तीच शाल? दिल्लीत थंडी वाढल्याचं वाचलं.

वैजयंती


इंदापूर
११ डिसेंबर २०२४

विजय,

हे पत्र पोस्टात टाकेन की नाही ते ठरलेलं नाही.

काल निरवांगीला गेले होते. माळ संपतो आणि ऊस सुरू होतो तिथं भिमातात्यांचं घर आहे. तू त्यांना ओळखत नाहीस, त्यांची-माझी ओळख तू गेल्यानंतरची. सत्तरीच्या पुढचे असतील. उभं आयुष्य मेंढरांमागं हिंडले. मुलांनी मेंढरं विकली, ऊस केला, थोरला कारखान्याची ट्रॉली ओढतो. तात्यांना आता काही काम नाही. माळावर जाता-येता मला दिसायचे, लांबून हात करायचे, एवढीच ओळख.

सून, सारजा, चहा ठेवायला उठली. मी विचारलं, "तात्या, एवढ्यात कुणाचं कोकरू गेलं का?"

"कोकरूच ऱ्हायलं न्हाय कुणाकडं, जाणार कुठनं?"

"लांडगा दिसला का कुणाला?"

आतून सारजा हसली. "ताई, लांडगा तुमच्या म्होरंच बसलाय की."

मला कळलं नाही. ती परात घेऊन बाहेर आली. "आमचं तात्या ओ. तुमी तिकडं टेकाडावर वरडता आन् हे हितनं वरडत्यात. पोरं सारी फिदीफिदी हसत्यात. मी म्हनलं, तात्या, कुत्र्यावाणी काय वरडताय या वयात."

"कुत्र्यावाणी न्हाय गं," तात्या म्हणाले. त्यांना राग आला होता. "लांडग्यावाणी. मेंढरं बसवली का बांधावर उभं ऱ्हाऊन हाळी द्यायची. लांडगा असला तर त्यो ओ देनारच. त्याला ऱ्हावत न्हाय. मग ज्या अंगानं ओ आली त्या अंगाला कुत्री बांधायची. आमी समदी तसंच करायचो. ह्यांना काय म्हायती."

मी खाटेच्या कडेला बसले होते. विचारलं, "सगळ्या वेळी तुम्हीच होता?"

"कवाच्या?"

"दिवाळीनंतरच्या. तिन्ही वेळा."

"व्हय, मीच की." मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांचा आवाज उतरला. "चुकलं का काय माजं?"

मी नाही म्हटलं.

"आवं, तुमी एकट्या हुब्या असता तितं. रोज हाक मारायची आन् कुनी ओ द्यायची न्हाय. बरं दिसतं का ते? मला काय बसून करमत न्हाय. म्हनलं, द्यावी एक ओ, तेवढंच बाईला बरं वाटंल."

चहा आला. मी तो प्यायले. त्यात साखर खूप होती, हे आठवतंय. सारजानं विचारलं, "ताई, तुमी हितं कुनापाशी ऱ्हाता? मानसं कुठं असत्यात तुमची?" मी म्हटलं, वडगावला. ती म्हणाली, "म्हंजी न्हाईतच म्हना की हितं."

निघताना तात्या फाटकापर्यंत आले. मी विचारलं, "शेवटचा लांडगा कधी ऐकला तुम्ही?" ते म्हणाले, "मेंढरं हुती तवा. त्याच्यानंतर मी हाळी दिली नव्हती कदी. कशापायी द्यायची? कुत्री कुठं बांधायचीत?"

म्हणजे मेंढरं विकल्यानंतर त्या कडेवर लांडग्याचा आवाज काढणारं यंदा पहिल्यांदाच कुणी होतं, आणि ती मी होते. त्यांना तो ओळखीचा वाटला असणार.

आपली सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे. लांडगा माणसाच्या हाळीला फसतो. माणूस फसला तर काय करायचं याची कुठे नोंद नाही. दुसऱ्या टोकाला कुणी असतं तर दोन रेघांचा छेद थेट तात्यांच्या अंगणात आला असता आणि आपण दोघं पोट धरून हसलो असतो.

तू बरोबर होतास. हे वाक्य लिहून बघायचं होतं. दिसतं तेवढं अवघड नाही. पाठवणं अवघड आहे.


इंदापूर
१७ डिसेंबर २०२४

विजय,

मागचं पत्र टेबलावरच आहे. हे आणि ते एकाच पाकिटात घालेन म्हणते.

तुझं दुसरं पत्र आज दुपारी आलं, बैठकीच्या मसुद्यासकट. माझ्यावर विश्वास टाकून लिहिलेलं आहेस ते कळतंय, म्हणून आधी मागच्या आठवड्यात मी काय केलं ते सांगते.

तात्यांकडून आल्यानंतर मी पुन्हा माळावर गेले. एकदा नाही. गणनेसाठी नाही, होकायंत्र घरीच होतं. टेकाडावर उभी राहिले, हाळी दिली, आणि ओ आली. कुणाची आहे ते आता माहीत होतं. तरी थांबले. दुसरी दिली. तिलाही ओ आली. खाली उसात ट्रॅक्टर चालू होता, त्याच्या वरून ती येत होती. मग अंधार पडायच्या आत उतरले आणि मुद्दाम त्यांच्या घराकडून न जाता लांबच्या वाटेनं गेले. याला काय म्हणायचं ते मला ठरवता आलेलं नाही. संशोधन तर नाहीच.

तात्यांना परवा मी सगळं नीट सांगितलं. लांडगा असला तर माळ राहतो, नाही तर झाडांसाठी चर खणतात, हे सांगितलं. त्यांच्या ओमुळे माळ जवळजवळ वाचला आहे, हेही सांगितलं. ते खूश झाले.

"मग मी रोज वरडतो की! मरस्तवर वरडतो. तुमी लिवत ऱ्हावा."

"आणि तुमच्यानंतर, तात्या?"

"पोराला शिकवतो. त्याचा घसा चांगला हाय, ट्रॉलीवर गानी म्हंतो त्यो." मग म्हणाले, "कागदावर माजं नाव आलंय का?"

"नाही. लांडगा एवढंच आलंय."

"काय वंगाळ न्हाय," ते म्हणाले. "नाव आसंच लागतंय म्हना कागदाला."

विजय, मला हे पटत होतं. खरंच पटत होतं. गप्प बसायला माझ्याकडे कारणं होती आणि ती सगळी चांगली होती. तो माळ खरा आहे. चिंकारा खरा आहे. मागच्या उन्हाळ्यात गवतात अंडी घालणारा चंडोल मी स्वतः मोजलाय. एका खोट्या आवाजानं हे सगळं जगणार असेल, तर त्यात मरतंय कोण? तुझं एक वाक्य. आणि ते तर तू आपणहून सोडायला तयार होतास. मी गप्प बसले असते तर माळ मिळाला असता, आणि तूही परत बोलायला लागला होतास. या दोन गोष्टी मी एकमेकींपासून वेगळ्या करायचा प्रयत्न केला. जमलं नाही. कुठली जास्त हवी होती, तेही सांगता येत नाही.

मग आज तुझा मसुदा वाचला. पहिल्या पानावर तू तुझं वाक्य मागे घेतलंस. ते मी भराभर वाचलं. दुसऱ्या पानावर तू लिहिलंयस, की इंदापूरच्या अनुभवावरून यापुढे देशभर एकट्या निरीक्षकाची श्रवणनोंदही लांडग्याच्या वास्तव्याचा पुरावा म्हणून ग्राह्य धरावी, कारण दुर्गम भागात दोन माणसं मिळत नाहीत, आणि "अनुभवी कानावर विश्वास ठेवणे आवश्यक आहे."

तो कान माझा आहे.

आता हे नुसतं निरवांगीचं राहिलं नाही. उद्या कुठल्या तरी माळावर कुणी एकटा मुलगा उभा राहील, त्याला कुणीतरी दयेनं नाही तर गंमत म्हणून ओ देईल, आणि त्याची एक रेघ नकाशावर लांडगा होऊन बसेल. मग असा एक नकाशा तयार होईल, ज्यात सगळीकडे लांडगे आहेत. तो बघून कुणीतरी म्हणेल, यांना आता जपायची काय गरज? खरे लांडगे कुठे कमी होताहेत ते मग कुणाला दिसणारच नाही.

मी अहवाल मागे घेते आहे. इथल्या कार्यालयाला पत्र लिहून ठेवलंय. त्यात कारण लिहिलंय, माणसाचं नाव लिहिलेलं नाही. तात्यांनी विचारलं होतं म्हणून वाईट वाटलं, पण त्यांच्या अंगणात कुणी चौकशीला जाऊन बसू नये.

माळाचं काय होईल, माहीत नाही. बहुतेक जाईल. साहेबांनी माझं ऐकून घेतलं तरी त्यांना वर काय दाखवायचं हा प्रश्न उरतोच, आणि याचा दोष मी त्यांना देऊ शकत नाही. लांडगा म्हणजे माळ, हे त्यांना शिकवलं कुणी? वीस वर्षं प्रत्येक सादरीकरणाच्या पहिल्या पानावर लांडग्याचा फोटो आपणच लावला. लोकांना गवत दिसत नाही, लांडगा दिसतो, म्हणून. तेव्हा ते बरोबर वाटलं होतं. आता लांडगा नाही म्हटलं की गवतही नाही असा अर्थ निघतो. मला वाटतं, गवत गवत म्हणून राखा, एवढं सांगणारा कागद आपण कधी लिहिलाच नाही. तो लिहायला हवा. तू लिहिशील का, माझ्याबरोबर, हे मी या पत्रात विचारणार नव्हते.

गुरुवारी तू उभा राहशील आणि सगळ्यांसमोर म्हणशील, मी चुकलो होतो. त्या खोलीत कोण कोण असेल याची मला कल्पना आहे. तुझ्या त्या वाक्यावर तेव्हा हसलेलेही असतील. आणि दोन-चार महिन्यांनी कुणीतरी निरवांगीला येऊन चहा पिईल, आणि सारजा त्यालाही हसत हसत सांगेल.

ते व्हायला नको. बाकी सगळं झालं तरी चालेल. तू परत बोलणं टाकलंस तरीसुद्धा. हे वाक्य खोडत नाही.

हे पत्र गुरुवारच्या आत तुझ्यापर्यंत पोचणार नाही. लिहायला बसले तेव्हाच मला हे माहीत होतं. इंदापूरहून दिल्लीला पत्र किती दिवसांत जातं ते मला आता चांगलं ठाऊक आहे. तरी बसले, कारण पत्रात तुझं गप्प होणं ऐकावं लागत नाही.

उद्याचं काम:
सकाळी, तू घरातून निघायच्या आत, तुला फोन करणे.